जुनी जॅझ गिटार : घेणारा, विकणारा आणि मधला विश्वास

(व्याख्यानाचे शब्दांकन. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे.)

आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. वापरलेल्या जॅझ गिटारी हौशी माणसं एकमेकांकडून कशा घेतात, कशा विकतात, आणि हा व्यवहार मुळात चालतो कसा, हे आपण बघणार आहोत. सभागृहात गिटार वाजवणारे थोडे असतील, न वाजवणारे जास्त. त्यामुळे वाद्याची ओळख आधी करून घेऊ आणि मग बाजारात शिरू.

जॅझ गिटार म्हटल्यावर बहुतेक वेळा जे वाद्य डोळ्यांसमोर येतं त्याला आर्चटॉप म्हणतात. साध्या गिटारची वरची पाटी सपाट असते. आर्चटॉपची पाटी व्हायोलिनसारखी मध्ये फुगलेली असते, आणि तिला मध्ये गोल भोक नसून दोन्ही बाजूंना एफ अक्षराच्या आकाराच्या फटी असतात. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात कॅलामझू नावाचं गाव आहे. तिथे ऑरव्हिल गिब्सन हा कारागीर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशी कोरीव पोटाची वाद्यं करत होता. त्याच्या नावाची कंपनी १९०२ साली निघाली. याच कंपनीने १९२२ मध्ये एल-५ हे मॉडेल आणलं, आणि वाद्यवृंदात बँजोची जागा हळूहळू गिटारने घेतली. १९३६ मध्ये ईएस-१५० ही विजेवर वाजणारी गिटार आली. चार्ली ख्रिश्चन १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या वाद्यमेळ्यात ती घेऊन बसला आणि गिटार पहिल्यांदा सॅक्सोफोनच्या बरोबरीने एकेरी सूर बोलू लागली. मग १९४९ मध्ये ईएस-१७५ आली. हिचं पोट कोरलेलं नव्हतं, मेपलचे पातळ थर दाबून केलेलं, म्हणजे एक प्रकारचं प्लायवुडच. त्यामुळे ती स्वस्त पडली आणि अँप्लिफायरसमोर शिट्टीही कमी मारू लागली. किंमत १७५ डॉलर, म्हणून नाव १७५.

दुसरीकडे न्यूयॉर्कमध्ये जॉन डी'अँजेलिको १९३२ पासून आपल्या छोट्या दुकानात हाताने गिटारी घडवत होता. १९६४ मध्ये तो गेला, तोवर त्याच्या हातून साधारण अकराशे-साडेअकराशे गिटारी झाल्या. आता त्यात भर पडणार नाही. हे लक्षात घेतलं की जुन्या वाद्यांचा बाजार का आहे ते कळतं. काही वाद्यं करणारा हात राहिला नाही, काही मॉडेलं पूर्वीसारखी होत नाहीत, आणि नवीन हातघडणीची आर्चटॉप घ्यायची तर तिची किंमत सामान्य वादकाला झेपत नाही. म्हणून माणसं एकमेकांकडची घेतात. पूर्वीही घेत होती. जिम हॉल आयुष्यभर ज्या ईएस-१७५ साठी ओळखला गेला, ती त्याने हॉवर्ड रॉबर्ट्स या दुसऱ्या गिटारवादकाकडून वापरलेलीच घेतली होती.

लिंबाचा प्रश्न

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. १९७० मध्ये जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने वापरलेल्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. अमेरिकन बोलीत खराब निघालेल्या मोटारीला लिंबू म्हणतात. अकरलॉफचं म्हणणं असं : गाडी चांगली की वाईट हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. त्यामुळे घेणारा सावध होतो आणि मधली किंमत देऊ करतो. चांगल्या गाडीच्या मालकाला ती परवडत नाही, तो गाडी घरीच ठेवतो. बाजारात उरतात लिंबं. मग घेणारा आणखी कमी किंमत सांगतो, आणि असं करत करत बाजारच बसू शकतो. याच धर्तीच्या कामासाठी त्याला २००१ मध्ये इतर दोघांबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

हा हिशेब जुन्या गिटारीला मोटारीपेक्षाही जास्त लागू पडायला हवा. मोटारीचं इंजिन चालू करून बघता येतं. सत्तर वर्षांच्या गिटारमध्ये काय बदललं, काय तुटून जोडलं, हे वरून दिसतच नाही. शिवाय घेणारा एका शहरात आणि वाद्य दुसऱ्या देशात, असंही असतं. तरी हा बाजार बसलेला नाही. कुणी तरी वर्षानुवर्षं साठवलेले पैसे न बघितलेल्या वाद्यासाठी अनोळखी माणसाला पाठवतो, आणि बहुतेक वेळा जे सांगितलं तेच घरी येतं. हे कशामुळे होतं? आमच्या मते दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे, वाद्य वाचायला शिकलेले डोळे. दुसरी म्हणजे, दोष आधी सांगण्याची रीत. दोन्ही क्रमाने बघू.

वाद्य वाचायचं कसं

पहिला प्रश्न ओळखीचा. ही गिटार ज्या सालची सांगितली जाते त्या सालची आहे का? गिब्सनच्या बाबतीत १९४७ ते १९६१ या काळातल्या आर्चटॉपच्या पोटात एक लेबल असतं, त्यावर ए अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. शिवाय १९५२ पासून आत लाकडावर कारखान्याचा शिक्का सापडतो, आणि त्यातलं अक्षर सालाचं असतं. गंमत म्हणजे ही अक्षरं उलटी चालतात : १९५२ ला झेड, १९५३ ला वाय, असं करत १९६१ ला क्यू. एफच्या फटीतून छोटी बॅटरी मारली की हे वाचता येतं. साठच्या दशकात मात्र गोंधळ आहे. एकच क्रमांक वेगवेगळ्या वर्षांच्या गिटारींवर पडलेला दिसतो, म्हणून नुसत्या क्रमांकावर कुणी विसंबत नाही. १९७७ पासून आठ अंकी क्रमांक आला, त्यात पहिला आणि पाचवा अंक मिळून साल होतं, आणि मधले तीन अंक म्हणजे वर्षातला कितवा दिवस ते.

विजेच्या गिटारमध्ये आणखी एक साक्षीदार असतो, तो म्हणजे आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणाखालचा पॉट. त्याच्या पाठीवर अंक असतात. समजा १३७६६१२ असं आहे. पहिले तीन अंक पॉट करणाऱ्या सीटीएस या कंपनीचे, पुढचे ६६ म्हणजे १९६६, आणि १२ म्हणजे बारावा आठवडा. यावरून एवढंच ठरतं, की तो पॉट त्या आठवड्याच्या आधी गिटारमध्ये बसलेला नाही. गिटार १९५८ ची सांगितली आणि पॉट ६६ चा निघाला, तर एक तर पॉट बदललाय किंवा साल चुकीचं आहे. विचारायचं.

पिकअपचं प्रकरण सर्वांत नाजूक. १९५७ पासून गिब्सनने हंबकर नावाचा दुहेरी वेटोळ्याचा पिकअप बसवायला घेतला. सुरुवातीच्या काही वर्षांत त्याच्या पाठीवर 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशा अर्थाची छोटी काळी चिकटपट्टी असे. आज हे पिकअप इतके महाग आहेत, की गिटारमधून काढून वेगळे विकले जातात आणि चिकटपट्ट्या नकली छापल्या जातात. म्हणून जाणता माणूस चिकटपट्टी शेवटी बघतो. आधी बघतो ते डाख, म्हणजे सोल्डर. कारखान्यातला डाख जुना, मळकट, एकदाच लावलेला असतो. चकचकीत असला तर तिथे नंतर कुणाचा तरी हात लागलाय.

दुसरा प्रश्न शरीराचा. आपण माठ घेताना बोटाने वाजवून बघतो ना, तसंच आर्चटॉपच्या पोटावर हलक्या हाताने टकटक करतात. आतला आधाराचा दांडा सुटला असेल तर खरखर ऐकू येते. मग गिटार डोळ्याच्या पातळीला आडवी धरून पोटाची कमान बघायची. तारांच्या दाबाखाली ती घोडीपाशी बसली असेल तर लगेच दिसतं, आणि ही दुरुस्ती खर्चिक आहे.

घोडीवरून आठवलं. आर्चटॉपची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच जागेवर राहते. तिचे पाय पोटाच्या गोलाईला तंतोतंत बसावे लागतात. आपल्याकडे तंबोऱ्याची जवारी लावतात, तिथे पृष्ठभाग जरा इकडचा तिकडे झाला की सगळा झंकार बदलतो. इथलं शास्त्र वेगळं आहे, पण काम तितकंच बारीक. या घोडीला उंची कमी-जास्त करायची दोन चक्रं असतात. ती पूर्ण खाली आणलेली असूनही तारा पडद्यांपासून उंच असतील, तर समजायचं की दांडीचा, म्हणजे नेकचा कोन बिघडलाय. नेक उखडून पुन्हा बसवावी लागेल. नेकच्या आत ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई असते, तिचा नट फिरवून दांडीचा बाक सरळ करतात. तो नट आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल तर पुढे करण्यासारखं काही उरत नाही. म्हणून 'ट्रस रॉड फिरतो का?' हा प्रश्न आम्ही कधीच सोडत नाही.

आता डोकं, म्हणजे खुंट्या असतात तो भाग. गिब्सनचं डोकं मागे झुकलेलं असतं, जुन्या गिटारींत सुमारे १७ अंशांनी. आणि नेमकं तिथेच ट्रस रॉडच्या नटासाठी लाकूड कोरून काढलेलं असतं. गिटार पेटीसकट पालथी पडली तरी ती तिथे तडकते. जोड चांगला असेल तर गिटार पुढे पन्नास वर्षं वाजते, पण जोड आहे हे घेणाऱ्याला कळायला हवं. रंग पुन्हा मारलेला असेल तर तेही कळायला हवं. त्यासाठी अतिनील दिवा वापरतात. जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकर त्या प्रकाशात हिरवट-पिवळसर चमकतं. नंतर कुठे ब्रश फिरला असेल तर तो भाग वेगळा, बहुधा गडद दिसतो.

एक दोष मात्र असा आहे, की तो चालत राहतो. जुन्या आर्चटॉपच्या कडेच्या पट्ट्या आणि बोटं टेकायची पाटी बऱ्याचदा सेल्युलॉइडची असते. हा पदार्थ म्हातारा झाला की कुजतो. त्यातून आम्लाची वाफ निघते. आधी जवळच्या धातूवर हिरवं किटण चढतं, मग पट्टी भुसभुशीत होऊन गळायला लागते. बंद पेटीत ठेवली तर आणखी लवकर. चांगला विकणारा अशी पाटी काढून वेगळी ठेवतो आणि तसं सांगतो.

दोष आधी सांगायची रीत

एवढं सगळं घेणाऱ्याने तपासायचं तर गिटार हातात हवी. ती नसते. म्हणून या मंडळींत विकणाऱ्यावरच ही जबाबदारी येते. चांगल्या वर्णनाची सुरुवातच दोषांपासून होते. पडदे किती झिजले, आधी कधी बदलले, कुठे तडा, कुठे जोड, कोणता भाग मूळचा नाही, खुंट्या बदलल्या असतील तर जुन्यांची भोकं दिसतात का, मूळ भाग पेटीत ठेवलेत का. फोटो समोरून एक आणि दोषांचे दहा. विचारल्यावर पोटातला, डोक्याच्या मागचा आणि पॉटच्या पाठीचा फोटो मिळाला पाहिजे. तो द्यायला कुणी खळखळ केली की आम्ही तिथेच थांबतो.

दुसरी रीत मुदतीची. गिटार पोचल्यापासून २४ किंवा ४८ तास घेणाऱ्याचे. वाजवायची, कारागिराला दाखवायची, आणि पटली नाही तर आली तशी परत. परतीचा खर्च बहुधा घेणाऱ्याचा, पैसे पूर्ण परत. अकरलॉफच्या प्रश्नावरचं हे साधं व्यवहारी उत्तर आहे. लिंबू विकणाऱ्याला ही मुदत परवडत नाही, आणि ज्याची गिटार सांगितल्याप्रमाणे आहे त्याचं काहीच जात नाही.

तिसरी रीत शब्दाची. 'घेतो' म्हटलं की घेतो. मधे कुणी चार पैसे जास्त देऊ केले तरी विकणारा फिरत नाही. हे कागदावर कुठे नाही. पण जॅझ गिटार वाजवणाऱ्यांचं जग लहान आहे, आणि आज घेणारा परवा विकणारा असतो. तुम्ही वर्णनात जो जोड लपवाल तो पुढच्या माणसाला सापडतोच, आणि त्याने कुणाकडून घेतली हे सगळ्यांना ठाऊक असतं. मोटारीच्या बाजारात घेणारा-विकणारा पुन्हा भेटत नाहीत. इथे भेटतात. म्हणून खरं सांगणं हे इथे चांगुलपणाइतकंच हिशेबाचंही आहे.

पाठवण्याची काळजी हा याचाच भाग. तारा थोड्या सैल करायच्या, डोक्याच्या खाली आणि बाजूंना भरपूर भरण घालायचं, पेटीत गिटार हलता कामा नये, पेटी खोक्यात हलता कामा नये. थंडीतून आलेलं खोकं लगेच उघडायचं नाही. काही तास घरात ठेवून मग उघडायचं, नाहीतर लॅकरवर बारीक भेगांचं जाळं पडतं.

दोन किमती

आता किमतीबद्दल. या बाजारात दोन प्रकारची माणसं आहेत. एक संग्राहक, त्याला सगळं मूळचं हवं. दुसरा वाजवणारा, त्याला आवाज आणि हाताला सुख हवं. रंग पुन्हा मारला किंवा डोकं तुटून जोडलं की किंमत साधारण निम्म्यावर येते, असा जुना ठोकताळा आहे. संग्राहक अशा गिटारकडे बघत नाही. वाजवणारा मात्र याच गिटारची वाट बघत असतो, कारण बसक्या किमतीत त्याला तोच आवाज मिळतो. मघाशी ज्या जिम हॉलचं नाव घेतलं, त्याने आपल्या ईएस-१७५ चा मूळ पिकअप काढून दुसरा बसवला होता. पॅट मेथेनीच्या ईएस-१७५ मध्ये खोचलेला टूथब्रश चाहत्यांना त्या गिटारइतकाच ओळखीचा आहे. हिशेबाच्या वहीत या दोन्ही गिटारींना 'मूळ अवस्था नाही' असाच शेरा पडला असता.

म्हणजे बघा, दोष सांगितल्याने गिटार विकली जात नाही असं होत नाही. ती तिच्या योग्य माणसाकडे जाते. दोष लपवला तर संग्राहक फसतो, आणि ज्या वादकाला ती परवडली असती त्याच्यापर्यंत ती पोचतच नाही.

आपल्याकडचं काय

आपला संबंध दोन ठिकाणी येतो. एक, लाकूड. सह्याद्रीत वाढणारा शिसव जगभरच्या गिटारींच्या बोटपट्टीला लागतो. ब्राझीलच्या शिसवावर १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराची सर्वांत कडक बंधनं आहेत. २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या संपूर्ण कुळालाच परवाना लागू झाला, आणि जुनी गिटार सीमेपार विकणाऱ्यांची तारांबळ उडाली. नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, ब्राझीलच्या शिसवाला मात्र नाही. तेव्हा परदेशातून वाद्य घेताना लाकूड कोणतं, हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारायचा.

दोन, हवा. मुंबईत जॅझ १९३० च्या दशकापासून वाजतंय, गोव्याच्या वादकांनी ते तोललं, आणि मुंबईत जन्मलेल्या अमान्सिओ डिसिल्व्हांनी लंडनला जाऊन १९६९ मध्ये 'इंटिग्रेशन' ही तबकडी केली. पण मुंबई-गोव्याचा पावसाळा कोरीव लाकडाला मानवत नाही. वाद्याला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता हवी. कोरड्या गावातून आलेली गिटार जुलैत फुगते, तारा उंच होतात, जुना सरस सुटू शकतो. पावसाळाभर पेटीत आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणि ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवा. आणि इथे घेत असाल तर गिटारने किती पावसाळे कुठे काढले, हे जरूर विचारा.

प्रश्नोत्तरे

श्रोता : गुंतवणूक म्हणून घ्यावी का?

आम्ही तसा सल्ला देणार नाही. डी'अँजेलिकोसारखी वाद्यं थोडी आहेत, पण ती कितीला जाईल हे घेणारा कोण भेटतो यावर ठरतं. चाहता कमी झाला की किंमतही उतरते. वाजवायची असेल तर घ्या. ज्या किमतीला घेतली त्याच्या आसपास विकली गेली, तर मधली वर्षं फुकट वाजवली असं समजायचं.

श्रोता : पहिलीच जॅझ गिटार घ्यायची आहे. जुन्या अमेरिकन गिटारीच बघाव्यात का?

नाही, गरज नाही. जपानमध्येही उत्तम आर्चटॉप झाल्या. आयबानेझने जॉर्ज बेन्सनबरोबर केलेली जीबी-१० ही १९७७ मध्ये आली, ती आटोपशीर आहे आणि वापरलेल्या मिळतात. थरांच्या लाकडाची गिटार आपल्या हवेत कोरीवपेक्षा कमी कुरकुरते. आणि घेण्याआधी गिटारकाम करणाऱ्या एखाद्या कारागिराला तासाभराचे पैसे देऊन बरोबर न्या. तो जे बघेल त्याने तुमचे त्याहून कितीतरी जास्त पैसे वाचतील.

श्रोता : विकणारा म्हणाला, 'मला यातलं काही कळत नाही, आजोबांची होती.' तर?

तर ते खरंही असू शकतं. अशा वेळी तुम्हाला जास्त कळतंय, तेव्हा लिंबाचा प्रश्न उलटा होतो. मूळ हंबकर असलेली गिटार त्यांनी फार स्वस्तात सांगितली, तर त्यांना ती काय आहे हे सांगा आणि मग भाव करा. काही जण म्हणतील, हा भोळेपणा झाला. पण त्या घरातून ती गिटार आलीय हे पुढे कुणाला तरी सांगायचंच आहे, तेव्हा कशी आली हेही सांगता यायला हवं.